मालकीची मशीन

१

सकाळी शटर वर ढकलायचं, चारी कॉम्प्युटरवरची लाल धूळ पुसायची, उदबत्ती लावायची आणि खुर्चीत बसायचं. बिदरच्या बसस्टँडसमोर तिप्पण्णाचं नेट सेंटर आहे, तिथं मी कामाला. सकाळी निकाल बघायला, रेल्वेचं रिझर्वेशन करायला माणसं येतात. संध्याकाळी कॉलेजची पोरं. मधली दुपार माझी एकटीची. समोर कंडक्टर ‘हैद्राबाद, हैद्राबाद’ म्हणून घसा फोडत असतो, डोक्यावर पंखा कुरकुरत असतो आणि माझ्या पाठीचं लाकूड झालेलं असतं. बसून बसून माणूस थकत नाही असं ज्याला वाटतं, त्याला एक दिवस माझ्या खुर्चीत आणून बसवावं.

नवऱ्याचं नाव आमच्यात तोंडानं घेत नाहीत, पण एवढं सगळं सांगायचं तर घ्यावंच लागेल. सिद्धराम. त्यांच्या आज्यानं मेंढरं राखली, बापानं चिंताकी गावात तूर पेरली, आणि हे जेसीबी चालवायला हैद्राबादला गेले. मशीन दुसऱ्याची, भाड्यानं देणाऱ्या एका सेठची. ज्याला खोदायचं असेल तो मशीन मागवणार, आणि मशीन जाईल तिकडं तिच्यासोबत हे जाणार. बिदरात एका खोलीत मी आणि माझी सासू म्हाळसाबाई. दिवे लागायच्या वेळेला त्यांचा फोन यायचा. फोन आला की आत्याबाई जेवायला बसायच्या. नाही आला तर ताट झाकून ठेवायच्या आणि मलाही उपाशी ठेवायच्या. बोलून दाखवायच्या नाहीत, पण कोण आधी घास घेईल?

हे यंदाचंच, दोन हजार दहा सालचं. तेव्हा मला दुसरी कसली हौस नव्हती. संध्याकाळचा तो फोन यावा आणि ते एकदा घरी परत यावेत, एवढंच होतं.

२

तो खेळ एक कॉलेजची पोरगी उघडा टाकून गेली होती. बंद करायला म्हणून गेले आणि बसले.

सोन्याच्या खाणीचा खेळ. पडद्यावर एक रान, वरून दिसणारं. रान खोदायचं, माती धुवायची, सोन्याचा कण सापडला की टुणटुण अशी बारीक धून वाजायची. हातानं खोदून काही होत नाही, मशीनच लागते. त्यासाठी खाली दोन बटणं होती, एक भाड्यानं घ्यायचं आणि एक विकत घ्यायचं. भाड्याची मशीन डावीकडच्या रस्त्यानं यायची, खोदायची, आणि चित्रातलं ऊन उतरलं की त्याच रस्त्यानं परत जायची. विकतची कायमची आपल्या रानात.

खेळणारी पोरं सगळी विकतच घ्यायची. मी भाड्यानंच आणायची.

तिप्पण्णा एकदा मागं येऊन उभा राहिला. “अक्का, इकत घे की ओ. ह्यो तर खोटा खेळ हाय. हितंबी भाड्यानंच ऱ्हातीस व्हय?”

“इकत घेतली की संबाळावं लागतंय, अण्णा. भाड्याची आपली बरी. काम झालं की जा म्हणावं.”

“तुला बाई सोनं पचायचं न्हाई,” म्हणत तो हसत गेला.

त्याच दुपारी मला ते पहिल्यांदा दिसलं. मशीन आली, थांबली, आणि खोदायच्या आधी केबिनमधून एक माणूस खाली उतरला. तांदळाएवढा माणूस. तो चालत पुढं गेला, खिशातून काहीतरी काढलं, खोदायच्या बकेटच्या दातांना लावलं, तोच हात कपाळाला लावला आणि परत वर चढून बसला.

मी डोळे चोळले. मग चित्र मोठं केलं. बकेटवर पिवळा ठिपका होता.

आमचे हे हेच करतात. मैलारच्या खंडोबाचा भंडारा कागदाच्या पुडीत बांधून शर्टाच्या खिशात ठेवतात, आणि बकेटला चिमूट लावल्याशिवाय लिव्हरला हात लावत नाहीत. मशीन कुणाची का असेना.

३

मी काही अडाणी नाही. बीए दोन वर्षं केलंय. खेळ बनवणारा इकडचाच कुणी असेल, असं मी मनाशी म्हटलं. बेंगळूरला असलीच कामं करतात म्हणे. त्यानं कुठल्यातरी साइटवर ऑपरेटर बघितला असेल आणि तसाच काढला असेल. भंडारा लावणारे काय एकटे हेच आहेत? पाऊण जिल्हा मैलारला जातो.

पडद्यावरच्या माणसाच्या डाव्या खांद्यावर यांच्यासारखा टॉवेल होता. तोही सगळेच टाकतात.

संध्याकाळी फोन आला. आवाज दमलेला. “जगदेवी, आज लै जीव गेला बग. काम तर आर्धाच दिस होतं. पर दोन ड्युट्या केल्यावानी आंग ठणकायलंय.”

“ऊन लागलं असंल. ताक पिवा की जरा.”

“ऊन न्हाई. दुपारी जेवल्यावर डोळा लागला तर सपनातबी मशीनच. लाल रान हाय कुठलं तरी, आन मी खोदायलोय. उठलो तर चपलेला लाल माती. हितं सगळा पांढरा मुरूम हाय. आपल्या बिदरसारखी माती हितं कुठं आली?”

खेळातलं रान लालच होतं. जांभ्या दगडासारखी भोकंभोकं असलेलं.

दमलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं. आणि मला तरी काय माहीत होतं? तेवढ्यात त्यांच्या मागं बारीक धून ऐकू आली. टुणटुण.

“मागं काय वाजायलंय ओ?”

“कुठं काय? मशीन बंद हाय. मी एकलाच हाय हितं.”

मी फोन आत्याबाईंकडं दिला. त्या नेहमीसारखं विचारायला लागल्या, जेवलास का, काय खाल्लास, अंघोळीला पाणी हाय का. भाकरी आधीच थापून झाल्या होत्या, तरी मी चुलीपाशी जाऊन उगीच आणखी एक थापत बसले.

४

दुसऱ्या दिवसापासून मी भाड्याची मशीन आणायची बंद केली. खेळ उघडायची, रिकामं रान बघायची आणि बंद करायची. मशीन आणली नाही तर माणूस येणार नाही, माणूस आला नाही तर काही बघायला नको. एवढं साधं गणित.

संध्याकाळच्या फोनवर आवाज जरा ताजा वाटला. म्हणाले, “आज काम न्हाई. मशीन हुबीच.” दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आवाजात काळजी आली. सेठनं बोलावलंच नाही. शेजारच्या साइटवर खोदकाम निघालं, तिथं दुसऱ्याची मशीन गेली. हे आपले पत्र्याच्या शेडमध्ये बसून.

“कामून असं?” मी विचारलं.

“कुणास ठावं. सेठ म्हणायलाय, तुज्या मशीनला कुणी इचारनाच झालंय. असंच ऱ्हायलं तर दुसऱ्या साइटला धाडतो म्हणला, चेन्नईकडं.”

आत्याबाईंनी चेन्नई ऐकलं आणि फोन झाल्यावर विचारलं, “चेन्नई गुलबर्ग्याच्या पल्याड का गं?” मी म्हटलं, लै पल्याड. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्यानं धूसर दिसतं. टीव्हीसमोर बसवलं तर म्हणतात, नुसतं धुकं हलायलंय. पण त्या दिवशी खोलीच्या दारात बसून अंधार पडेपर्यंत रस्त्याकडं बघत होत्या.

योगायोग असतो. काम कधी असतं, कधी नसतं. हे मी दहा वेळा म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खेळ उघडून भाड्याच्या बटणावर दाबलं.

मशीन रस्त्यानं आली. माणूस उतरला, बकेटला हात लावला, कपाळाला लावला. मग वर चढण्याआधी क्षणभर थांबला आणि मान वर करून बघितलं. एवढ्या बारीक चित्रात तोंड काही दिसत नाही. पण वर बघितलं हे नक्की.

संध्याकाळी फोन आला. “काम लागलं, जगदेवी. लै काम लागलं.” आणि मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला.

५

नवरात्र बसलं. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. कोयता असो, नांगर असो, लॉरी असो. धुऊन, हळदीकुंकू लावून ठेवायची, कोहळा कापायचा, आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस निजू द्यायचं. माझे सासरे तर नवमीला विळीसुद्धा चालू द्यायचे नाहीत. आत्याबाई आदल्या दिवशीच भाजी चिरून ठेवायच्या.

आदल्या संध्याकाळी मी यांना म्हटलं, “उद्या तरी सुट्टी हाय न्हवं? झोप काढा दिसभर.”

“कशाची सुट्टी? भाड्याची मशीन. सेठ येणार, लिंबू कापणार, फोटो काढणार, आन दुपारी कामावर. भाडं थांबत न्हाई नवमीला.” जरा वेळानं म्हणाले, “आपली सोताची आसती तर हात लावला नसता बग. एक दिस नुसता पडून ऱ्हायलो असतो.”

त्यांचा आवाज ऐकून मला रडू आलं. उघड सांगते. त्या आवाजात माणूस उरलाच नव्हता.

रात्रभर माझ्या डोक्यात एकच घोळत राहिलं. भाड्याच्या मशीनला विश्रांती नाही, कारण ती आपली नाही. मालकीची असली की नवमीला आपण तिला निजवू शकतो. एवढं सोपं असून मी इतके दिवस भाड्यानंच का आणत बसले? भित्री म्हणून. सांभाळावं लागतं म्हणून.

नवमीला तिप्पण्णानं दुकानात पूजा मांडली. चारी कॉम्प्युटरना झेंडूच्या माळा, यूपीएसला कुंकू, दारात कोहळा. नारळ फोडून तो घरी गेला. जाताना म्हणाला, “आज मशिनी चालू करू नको, अक्का. तूबी जा घरला.”

मी फक्त एक कॉम्प्युटर चालू केला.

खेळ उघडला, भाड्यानं मशीन आणली. माणूस उतरायच्या आधीच मी दुसरं बटण दाबलं. विकत. पडद्यावर अभिनंदन आलं, कागदाच्या फुलांसारखं काहीतरी उधळलं. खाली इंग्रजीत बारीक ओळी होत्या, त्या मी वाचल्या नाहीत. कोण वाचतं?

मग मी काचेवर मशीनच्या चित्राला हळदीकुंकू लावलं. लिंबू कापून कॉम्प्युटरसमोर दोन्हीकडं ठेवलं. हात जोडले आणि म्हटलं, आज निजा. आज कुणी उठवायचं नाही तुम्हाला.

मशीन थांबली. माणूस खाली उतरला, बकेटला टेकून बसला आणि टॉवेल तोंडावर ओढून आडवा झाला. मी सगळी दुपार त्याला बघत बसले. पंखा बंद होता. बाहेर लॉऱ्यांना माळा घालून पोरं भोंगे वाजवत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझी पाठ दुखली नाही.

ऊन उतरायच्या सुमाराला एक गोष्ट लक्षात आली. डावीकडचा रस्ता चित्रात नव्हता. जिथून मशीन यायची तिथं आता लाल रानच होतं.

६

तेवढ्यात फोन वाजला. दिवे लागायच्या पुष्कळ आधी.

“जगदेवी.” आवाज इतका हलका, इतका आनंदी की मी ओळखलाच नाही. “मशीन घेतलीस म्हणं?”

“कोण म्हणालं?”

“मंग न्हाई व्हय घेतलीस?”

खोटं कसं सांगणार? मी म्हटलं, “घेतली.”

“मी म्हणलंच. सेठला सांगितलं, आता तुजी चाकरी बास. पिशवी घेऊन निघालो बी. आता आपल्याच मशीनवर, आपल्याच मातीत.” मागून वाऱ्याचा आवाज येत होता. “आईला म्हण, ताट वाढून ठेव. आलोच मी. लालच लाल लागलंय सगळं, बिदर आलंच म्हण.”

हैद्राबादहून बिदर चार तासांचा रस्ता. नुकतं निघालेल्या माणसाला बिदरची माती कशी दिसेल? मी म्हटलं, “आवं, थांबा. कुठं हाव तुमी? बसमधी हाव का?” उत्तर आलं नाही. धून वाजली, टुणटुण, आणि फोन बंद पडला.

त्या संध्याकाळी हैद्राबादच्या सगळ्या बसेस मी चढून बघितल्या. कंडक्टर ओळखीचे, त्यांनी विचारलं, अक्का, कुणाची वाट बघायलीस? आत्याबाईंनी घरी पुरण वाटलं होतं, पाट्यावर. नवमी असूनही. मुलगा येणार म्हटल्यावर कसली नवमी.

दुसऱ्या दिवशी साइटवरच्या मल्लिकार्जुन मुकादमाला फोन लावला. तो म्हणाला, “वैनी, ते तर काल दुपारीच गेले. लै खुशीत होते ओ. घरच्यांनी मशीन घेतली म्हणाले, सगळ्यांना चहा पाजवला. अजून पोचले न्हाईत?”

मी फोन ठेवला. कॉम्प्युटर चालू केला. मशीन खोदत होती. मी काहीही दाबलं नव्हतं. बाजूला मातीचा ढीग, रात्रभरात एवढा वाढलेला, की चित्राच्या बाहेर गेला होता.

तेव्हा मी त्या बारीक ओळी वाचल्या. भाड्याची मशीन संध्याकाळी परत जाईल. मालकीची मशीन तुम्ही नसतानाही चालू राहील.

७

पोलिसात दिलंय. फोटो दिला, मोबाइलचा नंबर दिला. ते म्हणतात, बाहेर कामाला गेलेली माणसं अशी जातात, कधीतरी येतात. तिप्पण्णा भला माणूस. मी दिवसभर एकच कॉम्प्युटर अडवून बसते, तरी काही म्हणत नाही. एकदा तो बंद करून वायर काढून ठेवली होती मी. सकाळी लावली तर ढीग वाढलेलाच होता, आणि बकेटवरचा पिवळा ठिपका पुसट झाला होता. खिशातली पुडी संपत आली असणार.

विकत घेतल्यापासून खाली तिसरं बटण आलंय, विकायचं. ते दाबलं की घेणाऱ्यांची नावं येतात, कुठल्या कुठल्या देशांतली. एकदा विकली की मशीन त्यांच्या रानात जाते आणि आपल्याला दिसत नाही. रोज मी त्या बटणापर्यंत जाते. सुटतील की नुसते दुसऱ्याचे होतील, हे कुणाला विचारू? मग वाटतं, मी थकलेय, म्हणून मला असं दिसतंय. दुसऱ्या कुणाला विचारलं तर म्हणेल, बाई, खेळ आहे.

कुणालाच विचारलं नव्हतं. आत्याबाईंना तर बिलकूल नाही.

परवा मी डबा विसरले. दुपारी आत्याबाई काठी टेकत स्वतः घेऊन आल्या. या दुकानात त्या कधी आल्या नव्हत्या. मी पडदा बंद करायच्या आत त्या माझ्या मागं येऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, असू दे, त्यांना नुसतं धुकं दिसणार.

त्या वाकल्या. पदराच्या टोकानं काच पुसली. बराच वेळ बघत राहिल्या.

“किती वाळलाय गं माजा सिद्धा,” म्हणाल्या.

पंखा कुरकुरत होता.

“सांज कवा हुतीय तितं?”

“भाड्यानं होते तवर होत होती, आत्याबाई. आता होत न्हाई.”

मी त्यांना सगळं सांगितलं. नवमीचं सांगितलं. निजू द्यायचं म्हणून घेतली हे सांगितलं. त्यांनी मला दोष दिला नाही, दिला असता तर बरं झालं असतं. मग मी विकायचं बटण दाखवलं. म्हटलं, “हे दाबलं तर जातील हितनं. कुठं जातील कळणार न्हाई. सुटतील बी, न्हाई बी.”

आत्याबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. समोरून हैद्राबादची एक बस भरून निघाली.

“नगं दाबू,” त्या शेवटी म्हणाल्या. “हितं दिसतोय तरी.”

त्यांनी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि काचेपुढं ठेवला. आत मशीन थांबली नाही. पण बकेट खाली जाता जाता केबिनमधून यांनी मान वळवली, आणि तोंड पहिल्यांदा नीट दिसलं. आत्याबाई म्हणाल्या ते खरं होतं.

मी उठून माझी खुर्ची त्यांना दिली, आणि स्टूल ओढून शेजारी बसले.